फुटबॉल बंद करण्याआधी

वाचकाचं पत्र, थोडक्यात (ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत)

कोल्हापुरातल्या एका वडिलांनी लिहिलं आहे. उद्यमनगरात त्यांचं छोटं वर्कशॉप आहे. मोठा मुलगा पंधरा वर्षांचा, नववीत. दोन वर्षांपूर्वी मानसोपचारतज्ज्ञांनी त्याला एडीएचडी (लक्ष टिकवणं आणि स्वतःला आवरणं अवघड जाण्याचा विकार) असल्याचं निदान केलं, तेव्हापासून सकाळी एक गोळी सुरू आहे. तरीही शाळेतून दर आठवड्याला तक्रार येते. वही अपूर्ण असते, तो मध्येच बोलतो, कंपासपेटी हरवतो. सहामाहीत दोन विषय राहिले. धाकटी बहीण मात्र वर्गात पहिली. वडील संध्याकाळी साडेसातला घरी येतात, स्वतः त्याला अभ्यासाला बसवतात आणि रोज भांडण होतं. तोच मुलगा पहाटे साडेपाचला कुणी न उठवता उठतो आणि पेठेच्या मैदानावर फुटबॉलच्या सरावाला जातो. "म्हणजे मनात आणलं तर त्याला जमतं," असं वडिलांचं म्हणणं.

त्यांनी ठरवलंय की आता फुटबॉल बंद, आणि दहावीला पोराला निवासी शाळेत ठेवायचं. ते लिहितात, "मीही लहानपणी असाच होतो. पाठीवर वळ उठायचे. दहावीला पहिल्या वेळी नापास झालो, मग मामांनी लेथवर उभं केलं आणि माणूस झालो. आताची पोरं नाजूक आहेत. मला त्याला कणखर करायचंय." पत्नीचा याला विरोध आहे. नातेवाईक म्हणतात गोळी बंद करा, सवय लागेल. आणि मागच्या आठवड्यातल्या भांडणात मुलगा म्हणाला, "मी नसतो तर तुमचं बरं झालं असतं." "रागात बोलला असेल," वडील लिहितात, "पण तेव्हापासून मला झोप नाही. मी चुकतोय का?"

उत्तर

नमस्कार दादा,

मुलाचं ते वाक्य तुम्ही पत्राच्या अगदी शेवटी लिहिलंत. मी तिथूनच सुरुवात करते, कारण फुटबॉल, निवासी शाळा, दहावी हे सगळं त्याच्या नंतरचं आहे.

रागात बोलला असेल, हे शक्य आहे. पण एडीएचडी असलेल्या किशोरवयीन मुलांमध्ये नैराश्याचं आणि स्वतःला इजा करून घेण्याचं प्रमाण इतर मुलांपेक्षा जास्त आढळतं. त्यात या मुलांच्या मनात विचार येणं आणि हातून कृती होणं यांत फार कमी अंतर असतं. म्हणून असं वाक्य रागाच्या खात्यात टाकून मोकळं होता येत नाही. त्याला विचारा, आणि सरळ विचारा. "त्या दिवशी तू असं म्हणालास. तुला कधी जगू नये असं वाटतं का?" असं विचारल्याने नसलेला विचार डोक्यात शिरतो, अशी भीती खूप पालकांना वाटते. तसं होत नाही. उलट कुणीतरी विचारलं याचंच मुलांना हायसं वाटतं. समोर बसवून, डोळ्यांत डोळे घालून विचारू नका. गाडीवर मागे बसवून बाहेर काढा, रंकाळ्याला एक चक्कर मारा. शेजारी शेजारी चालताना या वयाची मुलं जे बोलतात, ते जेवणाच्या ताटावर कधीच बोलत नाहीत.

उत्तर "हो" आलं, किंवा तो गप्प झाला आणि तुमच्या पोटात गोळा आला, तर त्याच दिवशी त्याच्या डॉक्टरांना गाठा. तोवर त्याला एकटं ठेवू नका आणि घरातली सगळी औषधं तुमच्या ताब्यात ठेवा. रात्री-अपरात्री कुणी मिळालं नाही, तर १४४१६ हा सरकारच्या टेलिमानस सेवेचा नंबर आहे. तो चोवीस तास चालतो, पैसे लागत नाहीत आणि मराठीत बोलता येतं. उत्तर "नाही, रागात बोललो" असं आलं, तरी पुढच्या तपासणीत डॉक्टरांच्या कानावर घाला. त्यांना मुलाशी दहा मिनिटं एकट्याने बोलू द्या, तुम्ही बाहेर बसा.

आता तुमच्या 'कणखर' या शब्दाकडे येते.

हा शब्द मला पत्रांतून सतत भेटतो. पोराला कणखर करायचं म्हणजे त्याचे आधार काढून घ्यायचे, मग तो आपोआप स्वतःच्या पायावर उभा राहील, असं आपण धरून चालतो. मानसशास्त्रात ज्याला रेझिलियन्स म्हणतात, त्याचं भाषांतर लोक 'कणखरपणा' असं करतात. मला मात्र आपला जुना शब्द 'उभारी' जास्त जवळचा वाटतो. रोप वाऱ्याने आडवं झालं आणि चार दिवसांनी परत उभारी धरली, असं आपण म्हणतो. ती उभारी नुसत्या रोपात नसते. मुळाला ओल होती का, शेजारी काठी होती का, यावर ती ठरते.

हवाई बेटांपैकी काउआई नावाच्या एका बेटावर याचा मोठा अभ्यास झाला. १९५५ मध्ये तिथे जन्मलेल्या ६९८ मुलांचा एमी वर्नर या मानसशास्त्रज्ञ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी चाळिशीपर्यंत मागोवा घेतला. गरिबी, घरातली भांडणं, आईवडिलांची आजारपणं असं बरंच काही एकदम वाट्याला आलेली मुलं त्यांनी वेगळी काढली. त्यांतली साधारण एक तृतीयांश मुलं पुढे आत्मविश्वासाने जगणारी, काम करणारी, माणसं जपणारी मोठी माणसं झाली. त्यांच्याकडे काय होतं हे शोधताना एक गोष्ट पुन्हा पुन्हा समोर आली. मूल जसं आहे तसं ज्याला चालतं, असं निदान एक स्थिर मोठं माणूस त्यांच्या आयुष्यात होतं. कधी आजी, कधी शिक्षक, कधी शेजारी.

दादा, आता तुमचंच पत्र परत वाचा. तुम्ही लिहिलंय की वळ उठायचे आणि तुम्ही माणूस झालात. पण मधलं वाक्य तुम्ही घाईत लिहून पुढे गेलात. नापास झाल्यावर मामांनी तुम्हाला लेथवर उभं केलं. वळांनी तुम्हाला माणूस केलं असतं, तर तुम्ही नापास व्हायच्या आधीच झाला असता, कारण वळ तर आधीपासून होते. नापास पोराच्या हातात हजारो रुपयांचा जॉब, म्हणजे मशीनवर घडवायचा भाग, देणारा, पहिले चार जॉब बिघडले तरी दुसऱ्या दिवशी ये म्हणणारा माणूस तुम्हाला मिळाला. तुमच्या गोष्टीतली उभारी मला तिथे दिसते. मार सोसूनही तुम्ही टिकलात, हे तुमचं मोठेपण आहे. त्याचं श्रेय माराला देऊ नका.

आणखी एक. "मीही असाच होतो" हे तुम्ही सहज लिहिलंत, पण ते बहुधा अक्षरशः खरं आहे. एडीएचडी मोठ्या प्रमाणावर आनुवंशिक असतो. जुळ्या भावंडांच्या अभ्यासांतून त्याचा आनुवंशिक वाटा ७० ते ८० टक्क्यांच्या घरात येतो. पोराचं निदान झालं की बापाला आपलं बालपण वेगळं दिसायला लागतं, असं मी कितीतरी घरांत पाहिलंय. तुम्हाला आजही बिलं शेवटच्या दिवशीच आठवत असतील, एक काम अर्धं टाकून दुसरं हातात घेतलं जात असेल, तर स्वतःसाठीही डॉक्टरांशी बोलायला हरकत नाही. आणि मुलाला सांगा, "मलाही हे व्हायचं." त्याच्यासाठी या तीन शब्दांची किंमत फार मोठी असेल.

तुम्ही मशीनिंग करता, म्हणून तुमच्याच कामातलं सांगते. ओतीव लोखंड सावकाश थंड झालं तर त्यावर नीट काम करता येतं. तेच घाईने थंड झालं की चिल येतो. ते कडक तर होतं, पण ठिसूळही होतं, आणि टूल उडतं ते वेगळंच. वरून कडक दिसतं म्हणून ते मजबूत आहे, असं तुम्ही कधी म्हणणार नाही. आताची पोरं नाजूक आहेत म्हणून त्यांना कडक करा, हा विचार मला त्या चिल आलेल्या कास्टिंगसारखा वाटतो.

"मनात आणलं तर जमतं" या वाक्यावर मला थोडं थांबायचंय, कारण ते या मुलांना सगळ्यात जास्त लागतं आणि वरकरणी त्याच्याइतकं खरं वाटणारं दुसरं वाक्य नाही. फुटबॉलला बरोबर उठतो, मैदानावर दीड तास लक्ष असतं, मग भूमितीला काय होतं? होतं असं की एडीएचडीमध्ये लक्ष नसतं असं नाही, ते हवं तिथे वळवण्याची आणि तिथे धरून ठेवण्याची यंत्रणा कच्ची असते. ज्यात गोडी आहे, जे अंगाने करायचं आहे, ज्याचा निकाल क्षणात कळतो, तिथे लक्ष आपोआप धरलं जातं. पास चुकला की लगेच कळतं, आणि मागून हाकही येते. भूमितीचा निकाल तीन महिन्यांनी लागतो. वेळेचंही तसंच. या मुलांच्या घड्याळात 'आत्ता' आणि 'नंतर' असे दोनच काटे असतात. मार्चची परीक्षा त्यांच्यासाठी फेब्रुवारीच्या शेवटापर्यंत 'नंतर'च राहते. हा आळस नाही आणि बेफिकिरीही नाही.

अमेरिकेतल्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य संस्थेत फिलिप शॉ आणि सहकाऱ्यांनी २००७ मध्ये एडीएचडी असलेल्या २२३ आणि नसलेल्या २२३ मुलांच्या मेंदूच्या प्रतिमा तपासल्या. मेंदूच्या बाहेरच्या थराची वाढ दोन्ही गटांत साधारण त्याच क्रमाने होत होती, पण एडीएचडीच्या मुलांत ती मागे होती. इतर मुलांत जो टप्पा सरासरी साडेसातव्या वर्षी आला, तो यांच्यात साडेदहाव्या वर्षी आला. सगळ्यात जास्त अंतर होतं ते कपाळामागच्या भागात, म्हणजे स्वतःला आवरणं, बेत आखणं ही कामं जिथून चालतात तिथे. हा सरासरीचा हिशेब आहे, तुमच्या मुलाला फूटपट्टीसारखा लावायचा नाही. पण वही हरवणाऱ्या पंधरा वर्षांच्या पोरावर ओरडण्याआधी, आपण यातलं किती बारा-तेरा वर्षांच्या पोराकडून मागितलं असतं, असा विचार करून बघा. आवाज आपोआप खाली येतो.

तुमच्या पत्रातली वेळ मला खटकली. गोळी सकाळी आणि तुम्ही घरी येता साडेसातला. या आजारावर बहुतेक वेळा जी औषधं देतात, त्यांतल्या काहींचा असर चार तासच टिकतो, तर लांब चालणाऱ्यांचा आठ ते बारा तास. म्हणजे तुम्ही ज्या वेळी त्याला पुस्तक उघडायला सांगता, त्या वेळी बहुधा औषध उतरलेलं असतं, तो थकलेला असतो, आणि काही मुलं तर औषध उतरताना अधिकच चिडतात. तुम्हीही दिवसभर मशीनपाशी उभं राहून आलेले असता. रोज चोवीस तासांतला सगळ्यात वाईट तास निवडून तुम्ही दोघं समोरासमोर येता, आणि त्या तासावरून "पोरगं सुधारत नाही" असं ठरवता. डॉक्टरांना औषधाचं नाव विचारा, ते किती तास चालतं ते विचारा, आणि अभ्यासाचा जड भाग त्या तासांत बसतो का ते बघा. शाळेतून आल्यावर खाऊन-पिऊन चाळीस मिनिटं, किंवा सराव नसेल त्या दिवशी सकाळी. रात्री साडेसातनंतर सोपं काही ठेवा, वही लावणं, दप्तर भरणं. आणि तुम्ही अभ्यास घेणं महिनाभर थांबवा. बाप म्हणून तुमची त्याला मास्तरापेक्षा जास्त गरज आहे.

गोळीबद्दल नातेवाईक सांगतात त्यावर जाऊ नका. मिथाइलफेनिडेट हे एडीएचडीवरचं नेहमीचं औषध १९५० च्या दशकापासून वापरात आहे. डॉक्टरांच्या सल्ल्याने, सांगितलेल्या मात्रेत घेतलं तर त्यामुळे पुढे व्यसन लागण्याचा धोका वाढतो, असं अभ्यासांत दिसलेलं नाही. त्याचे त्रास आहेत. भूक मरते, झोप लांबते, म्हणून उंची, वजन, रक्तदाब, नाडी वेळोवेळी बघावी लागते. दुपारी डबा तसाच परत येत असेल तर सकाळी गोळीआधी भरपेट खाऊ घाला. दुसऱ्या प्रकारची औषधंही आहेत. एक सोसलं नाही तर दुसरं बघता येतं. मात्र मनाने बंद करू नका आणि मनाने वाढवू नका.

आता फुटबॉल.

डॉक्टर आणि संशोधक 'जीवनमान' हा शब्द वापरतात तेव्हा त्यात गुण येत नाहीत, किंवा फार थोडे येतात. जागतिक आरोग्य संघटनेची व्याख्या सांगते की माणूस स्वतःच्या आयुष्याकडे, आपल्या संस्कृतीत, आपल्या अपेक्षांच्या संदर्भात, स्वतः कसं बघतो ते जीवनमान. यात 'स्वतः' हा शब्द महत्त्वाचा. एडीएचडीच्या मुलांचं जीवनमान मोजताना एक गोष्ट अनेकदा दिसते. आईवडील मुलाच्या आयुष्याला जितके कमी गुण देतात, मूल स्वतः त्यापेक्षा जास्त देतं. दोघांचंही पूर्ण खरं नसतं. मुलं आपल्या अडचणी कमी लेखतात आणि आईबापांना तक्रारींपलीकडचं दिसत नाही. म्हणून दोघांचं ऐकावं लागतं. तुमच्या पत्रात मुलाच्या शाळेबद्दल, गुणांबद्दल, गोळीबद्दल सगळं आहे. त्याला काय आवडतं, त्याचा जिवाभावाचा मित्र कोण, तो शेवटचा मनापासून कधी हसला, हे नाही. त्याला आवडणारी एकच गोष्ट तुम्ही लिहिलीत, आणि तीही बंद करायची म्हणून.

त्याच्या दिवसाकडे त्याच्या बाजूने बघा. वर्गात बोलणी. बहिणीशी तुलना. घरी भांडण. या सगळ्यात पहाटेचे दीड-दोन तास असे आहेत जिथे तो कुणाच्या तरी उपयोगाचा आहे, जिथे त्याची वाट बघितली जाते. आपल्या गावात फुटबॉल म्हणजे नुसता खेळ नाही, हे तुम्हाला मी सांगायची गरज नाही. शाहू स्टेडियमवर पेठेचा सामना असला की अर्धं गाव तिथे असतं. तालमीची, म्हणजे पेठेच्या संघाची, जर्सी घातलेला पोरगा गल्लीतून चालला की म्हातारी माणसंसुद्धा त्याला नावाने हाक मारतात. ज्या मुलाला दिवसभर "तुला कळत नाही का" ऐकावं लागतं, त्याला ती हाक काय वाटत असेल? शिवाय दमदार व्यायामानंतर काही काळ लक्ष आणि मन दोन्ही ठिकाणावर राहायला मदत होते. औषधाची जागा तो घेत नाही, पण औषधाच्या जोडीला फार चांगला असतो. आणि तिथे त्याचे प्रशिक्षक आहेत. तुमचे मामा आठवा.

म्हणून माझं मत स्पष्ट आहे. फुटबॉल बंद करू नका, आणि शिक्षा म्हणून तर कधीच नको. एका आठवड्याचा सरावसुद्धा "वही पूर्ण नाही म्हणून" कापू नका. मर्यादा जरूर घाला. परीक्षेआधी पंधरा दिवस फक्त सराव, बाहेरगावचे सामने नाहीत, असं काही, पण ते त्याच्याशी बसून ठरवा आणि ठरलेलं कागदावर लिहा. पहाटे साडेपाचला उठायचं तर रात्री दहाला झोपणंही आलं. ते त्याच्या प्रशिक्षकांकडून सांगितलं गेलं तर तो ऐकेल. प्रशिक्षकांना तुम्ही एकदा जाऊन भेटा. तक्रार घेऊन जाऊ नका. "तुमच्याकडे तो कसा असतो?" एवढंच विचारा. कदाचित तुम्हाला तुमचा मुलगा पहिल्यांदा नीट भेटेल.

मुलाला तुम्ही अमेरिकी जलतरणपटू मायकेल फेल्प्सचे व्हिडिओ दाखवता का, मला माहीत नाही, पण बहुतेक पालक दाखवतात. फेल्प्सला लहानपणी एडीएचडीचं निदान झालं होतं हे खरं आहे, आणि त्याची २३ ऑलिंपिक सुवर्णपदकंही खरी आहेत. पण नववीतल्या पोराला ते उदाहरण उभारी देण्याऐवजी ओझं देतं, कारण तो स्वतःची गाठ पदकाशी घालतो. द्यायचंच झालं तर त्यातला दुसरा भाग द्या. साधारण अकराव्या वर्षापासून बॉब बोमन हे एकच प्रशिक्षक त्याच्यामागे उभे राहिले.

निवासी शाळेबद्दल मी सरसकट नको म्हणणार नाही. ठरलेलं वेळापत्रक, घंटा, एकत्र अभ्यास, मोबाइल नाही, याचा काही मुलांना खरंच फायदा होतो, कारण त्यांच्या आत जी चौकट नसते ती बाहेरून मिळते. कोल्हापूरला तर वसतिगृहांचा मोठा वारसा आहे. शाहू महाराजांच्या काळात, १९०१ मध्ये, व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग सुरू झालं आणि पुढे जातीजातींची, धर्माधर्मांची बोर्डिंगं इथे उभी राहिली. पण ती कशासाठी होती? खेड्यातल्या ज्या पोरांना शहरात छप्पर नव्हतं, जेवण नव्हतं, मागे कुणी नव्हतं, त्यांच्या मागे कुणीतरी उभं राहावं म्हणून. आधार देण्यासाठी. तुम्ही ज्या कारणाने मुलाला पाठवू बघताय, ते बरोबर उलटं आहे. घर, मित्र, मैदान, डॉक्टर, सगळे आधार एकदम सोडवून, तेही दहावीच्या वर्षात आणि त्या वाक्यानंतर लगेच, त्याला पाठवलं तर तो ते कसं वाचेल? "मी नसतो तर बरं" असं तो म्हणाला, आणि तुम्ही त्याला घरातून पाठवलंत. तुमच्या मनात तसं काहीही नसलं तरी त्याला तेच ऐकू येईल.

इतर पालकही हा विचार करत असतील, म्हणून सांगते. शाळा बघायला जाल तेव्हा इमारत आणि निकाल नंतर बघा. रोजची गोळी कोण देणार आणि ती कुठे, कुणाच्या कुलपात राहणार, हे विचारा. चूक झाली तर शिक्षा काय, हे विचारा, आणि उत्तर देताना समोरच्याचा चेहरा बघा. मुलाला घरी फोन कधी करता येतो, रात्री मन बिघडलं तर तो कुणाला उठवू शकतो? एडीएचडी म्हणजे काय ते तिथल्या एका तरी माणसाला माहीत आहे का? आणि मुलाला स्वतःला जायचंय का? शेवटच्या प्रश्नाचं उत्तर "नाही" असेल, तर बाकीची उत्तरं चांगली असूनही मी थांबेन. अकरावीला पुन्हा विचार करता येईल.

रोजच्या व्यवस्थेचं तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त कळतं, फक्त ती घरी आणायची राहिली आहे. वर्कशॉपमध्ये तुम्ही कामगाराला एका दमात दहा जॉब तोंडी सांगता का? जॉब कार्ड असतं, ड्रॉइंग समोर लावलेलं असतं, गेज हाताशी असतो, पहिला पीस तपासूनच पुढचे चालू होतात. लक्षात ठेवण्याच्या भरवशावर तुम्ही काम चालू देत नाही, आणि ड्रॉइंग बघून काम करणाऱ्या कामगाराला कुणी कमजोर म्हणत नाही. पोराच्या टेबलासमोर एक फळा लावा. त्यावर आजची तीनच कामं, त्याच्या अक्षरात. "गणित कर" असं लिहू नका, "प्रश्नसंग्रह अमुक, पहिली चार उदाहरणं" असं लिहा. चार झाली की दाखवायची, पहिल्या पीससारखी. टेबलावर काट्यांचं मोठं घड्याळ ठेवा, म्हणजे वेळ सरकताना दिसते. वीस-पंचवीस मिनिटांनी उठायचं, पाणी प्यायचं, चार उड्या मारायच्या. मोबाइल दुसऱ्या खोलीत, सगळ्यांचेच, तुमचासुद्धा. कंपासपेट्या दोन घ्या, एक शाळेत राहू दे. दर महिन्याला एक हरवण्यावरून भांडण्यापेक्षा ते स्वस्त पडतं. यातलं काही तीन आठवडे चालेल आणि मग बंद पडेल. बंद पडलं की नवीन काढायचं. या मुलांना नवेपणा लागतो, त्यात कुणाचं अपयश नाही.

भांडण होणारच. ते संपल्यावर झोपण्याआधी तुम्ही त्याच्या खोलीत गेलात का, एवढं बघा. "माझा आवाज चढला, तसं बोलायला नको होतं" असं म्हणण्याने बाप लहान होत नाही. या मुलांना नाकारलं जाणं फार लागतं, आणि रात्रभर ते तसंच राहिलं की सकाळपर्यंत त्याचा दगड होतो.

शाळेचं काम नववीतच उरका. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यातल्या २१ प्रकारांत एडीएचडी स्वतंत्रपणे नाही, पण विशिष्ट अध्ययन अक्षमता (वाचन, लेखन किंवा गणित शिकण्यातली खास अडचण) आहे, आणि दोन्ही एकाच मुलात असणं बरंच आढळतं. त्याचे दोन विषय कोणते राहिले, लिहिताना अक्षरं गळतात का, गणितात आकडे उलटसुलट होतात का, हे बघून त्याची रीतसर तपासणी करून घ्या. सीपीआर या आपल्या सरकारी रुग्णालयात चौकशी करा. तसा दाखला निघाला तर बोर्डाच्या परीक्षेत सवलती मिळतात, आणि त्या कागदपत्रांना वेळ लागतो, म्हणून दहावीच्या जानेवारीत धावाधाव नको. दाखला नाही निघाला, तरी वर्गशिक्षकांना भेटून पुढच्या बाकावर जागा, गृहपाठ फळ्यावर लिहून देणं, मध्ये एकदा वर्गाबाहेर जाऊन येऊ देणं, एवढं मागता येतं. यासाठी कायदा लागत नाही, चांगला शिक्षक लागतो.

हे वाचणाऱ्या मुलींच्या आईवडिलांना एक वाक्य. तुमची लेक दंगा करत नाही, खिडकीबाहेर बघत बसते, सगळं उशिरा करते आणि रात्री रडते, म्हणून तिला एडीएचडी नसेल असं समजू नका. मुलींमध्ये तो बरेचदा असाच शांतपणे राहतो आणि वर्षानुवर्षं कुणाच्या लक्षात येत नाही.

दादा, तुमच्या पत्नीचा विरोध आहे, असं तुम्ही एका ओळीत लिहिलंत. त्या काय म्हणतात ते लिहिलं नाहीत. त्यांना विचारा. दिवसभर त्या त्याच्यासोबत असतात, औषध चालू असतानाचा मुलगा त्यांनी पाहिलाय, तुम्ही फारसा पाहिलेला नाही. आणि बहिणीची तुलना आजपासून बंद. ती दोघांवरही अन्याय करते. पहिल्या येणाऱ्या लेकीला घसरण्याची मुभा उरत नाही.

मी चुकतोय का, असं तुम्ही विचारलंत. तुमचा बेत चुकतोय, असं मला वाटतं. तुमची झोप उडाली आहे, ती बरोबर गोष्टीसाठी उडाली आहे.

मामा हयात असतील तर येत्या रविवारी मुलाचा सराव संपल्यावर त्याला घेऊन त्यांच्याकडे जा. चहा होऊ दे. मग तुमचा निकाल लागला त्या दिवशी काय झालं, लेथवर पहिला जॉब तुम्ही कसा बिघडवलात आणि तेव्हा मामा काय म्हणाले, हे त्यांनाच सांगायला सांगा. तुम्ही मध्ये बोलू नका. पोराला ऐकू दे.